काजळीची गॅरंटी

मोटारीत कधीही न बसणारा मोटारीचा मिस्त्री कुणी पाहिला आहे का? मी पाहिला आहे. नुसता पाहिला नाही, त्याच्या शेडमध्ये तीन दिवस मांडी घालून बसलो आहे. आज मी जो काही बरा माणूस उरलो आहे, त्यातला निम्मा तरी त्या तीन दिवसांत झाला. उरलेला निम्मा आपण घडवला असं बायको म्हणते. असेलही.

ही गोष्ट दुसऱ्या युद्धाच्या आधीची. तेव्हा गोंदिया भंडारा जिल्ह्यात होतं, आणि मोटारी इतक्या कमी होत्या की कुठली मोटार कुणाची हे गावातल्या कुत्र्यांनासुद्धा माहीत असे. स्टेशनामागं एका राइस मिलला लागून टिनाची शेड होती. तिथं एक ठेंगणा, सडपातळ माणूस दिसे. गुडघ्यापर्यंत धोतर, अंगात बंडी, डोक्याला पंचा आणि कानावर बांबूची एक कामटी. दुकानदार कानावर पेन्सिल ठेवतो ना, तशी. त्यांना सगळे मिस्त्रीच म्हणत. नाव विचारलं तर म्हणत, "नावानं इंजिन चालू होत नाई जी."

मोटार घेऊन कुणी आलं की मिस्त्री बॉनेटकडं बघतसुद्धा नसत. "काय झालं?" असंही विचारत नसत. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला होता, "कुठं नेता इले?" गाडी रोज कुठं जाते, किती जाते, कशी जाते, चढावर काय करते, वाटेत किती वेळ नुसती धडधडत उभी राहते, हे सगळं ऐकून घ्यायचं. ऐकताना डोळे मिटलेले. मालक वैतागून म्हणे, "अरे मिस्त्री, पहले देखो तो सही!" मिस्त्री म्हणत, "पाहूनच तर राहिलो."

मोटारीत न बसण्याचं कारण मी त्यांना पुढं एकदा विचारलं. म्हणाले, "जन्मभर तिचं पोट फाडून पाहिलं. आता तिच्याच पाठीवर कोन बसते जी?"

एकदा जंगलातल्या एका ठेकेदाराची लॉरी चार कोसांवर बंद पडली. तो बिचारा आपली दुसरी मोटार घेऊन मिस्त्रींना न्यायला आला. मिस्त्रींनी हत्यारांची पिशवी खांद्याला अडकवली आणि चालायला लागले. वैशाखाचं ऊन. ठेकेदार मोटार घेऊन मागं मागं, मुंगीच्या पावलानं. "मिस्त्रीजी, बैठ जाइए ना! धूप तो देखिए!" अर्धा कोस असं चाललं. शेवटी मिस्त्री मागं वळले आणि खेकसले, "एवढी हळू काऊन चालवून राहिले जी? काजळी धरते ना इंजिनात! जा पुढं!" ठेकेदार ही गोष्ट पुढं सगळ्यांना हसत हसत सांगे, पण गाडी हळू चालवायची मात्र त्यानं सोडून दिली.

आता मी कोण ते सांगतो. त्यात फुशारकी मारण्यासारखं काही नाही. नागपुरात मोटारी विकणारी एक एजन्सी होती, तिथं मी कारकून होतो. माझ्या टेबलावर गॅरंटीचे अर्ज येत. गॅरंटी म्हणजे गाडीला काही झालं तर कंपनी बघून घेईल, असं गिऱ्हाइकाला वाटे. गाडीला जे जे होईल ते ते गॅरंटीत बसत नाही, असं कंपनीला वाटे. आणि हे दुसरं वाटणं गोड भाषेत लिहून पाठवणं हे माझं काम.

सगळ्यांत जास्त अर्ज काजळीचे. पेट्रोल नीट जळलं नाही की इंजिनात पिस्टनच्या डोक्यावर काळा थर बसतो. थर वाढला की इंजिन खटखटतं, चढावर दम टाकतं. फार वाढला तर किल्ली बंद केली तरी इंजिन थांबतच नाही, आतला निखारा झालेला थरच त्याला चालवत राहतो. वेगाच्या गाड्यांना हा रोग फार. अशा अर्जांसाठी माझं वाक्य तयार होतं, "इंजिनात काजळी साचणे हा बिघाड नसून वापराचा परिणाम आहे, सबब गॅरंटीत बसत नाही." त्याच्यापुढं मी पदरचं एक वाक्य जोडत असे, "यात चालकाचा हलगर्जीपणा स्पष्ट दिसतो." काय रुबाब होता त्या वाक्याचा! मालकांनी एकदा त्याचं कौतुक केलं, तेव्हापासून मी ते प्रत्येक पत्रात घालायला लागलो. स्पष्ट दिसतो म्हणे. नागपुरात, टेबलापाशी, पंख्याखाली बसून.

असंच एक पत्र दवनीवाड्याकडच्या एका मालगुजारांना, म्हणजे तिकडच्या जमीनदारांना, गेलं. त्यांनी आमच्याकडून एक लांब नाकाची, उघड्या टपाची, लाल मोटार घेतली होती. शर्यतीच्या जातीची. काही महिन्यांतच ती खटखटायला लागली. माझं पत्र गेलं आणि मी विसरलो. महिन्याभरानं एक पोस्टकार्ड आलं. त्यावर काळ्या अंगठ्याचा ठसा होता आणि खाली चार ओळी, "तुमी लिवलं का हलगर्जीपणा दिसते. कुठून दिसला जी? गाडी इथं हाय, मानूस इथं हाय. येऊन पाहा. नाई तर लिवू नका. गोंदियाचा मिस्त्री."

आमचे मालक हसले. म्हणाले, "जा बाबा, बघून ये. आणि बघून झालं की तेच पुन्हा लिही."

मी गेलो. सकाळच्या गाडीनं उतरलो तर शेडमध्ये ती लाल मोटार उभी, आणि एक तिशीचा माणूस ओल्या फडक्यानं तिचं चाक पुसत होता. मला वाटलं मिस्त्रींचा कुणी असेल. तो होता सुकलाल, त्या गाडीचा ड्रायव्हर. म्हणजे, आधीचा. माझं पत्र वाचून मालगुजारांनी त्याला काढून टाकलं होतं. बैलांचा कासरा धरणाऱ्या घरातला पहिलाच माणूस मोटारीच्या चाकापाशी बसला होता, आणि त्याला कंपनीनं कागदावर हलगर्जी ठरवलं. साऱ्या मुलखात मोटारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. अशा माणसाच्या हातात दुसरं कोण चाक देणार? तरी तो रोज दोन कोस चालत येऊन गाडी पुसून जात होता. सवय, दुसरं काय.

मला बघून त्यानं "राम राम जी" केला. मिस्त्री आतून म्हणाले, "सुकलाल, हेच ते. लिवनारे."

वाटलं, आता हा शिव्या देणार. त्यानं फडकं खाली ठेवलं, हात धोतराला पुसले आणि विचारलं, "साहेब, मी काय केलो होतो जी?"

एरवी माझ्याकडं शब्दांची काय कमी! पण मी आपला बॅग उघडून कागद चाळल्यासारखं केलं. लाज वाटली की माणूस कागद चाळतो.

मिस्त्रींनी मला कामटी दिली. त्यांच्या शेडचा एक नियम होता आणि तो लाटसाहेब आला तरी मोडत नसत. काजळी मिस्त्री काढणार नाहीत, ते फक्त इंजिन उघडून देणार. ज्याची गाडी त्यानं खरवडायची. तेही लोखंडानं नाही, बांबूच्या कामटीनं, म्हणजे पिस्टनवर ओरखडा उठत नाही. मोठमोठे मिलवाले शेटजी तिथं धोतर खोचून, नाकाला पंचा बांधून खरवडताना मी पुढं डोळ्यांनी पाहिले आहेत. आणि खरवडलेली काजळी फेकायची नाही. मिस्त्री ती कागदाच्या पुडीत बांधत, वर गाडीची खूण करत आणि फळीवर ठेवत. वर्षानं तीच गाडी आली की जुनी पुडी काढून मालकाच्या तळहातावर ओतत. "पाहा, मागच्या सालची. ह्या सालची यापेक्षा कमी हाय का जास्त?" एका वकिलानं तर म्हणे पुडीच्या भीतीनं रोज सकाळी गाडी जोरात फिरवून आणायला सुरुवात केली होती.

"पण ही गाडी माझी नाही," मी म्हणालो.

"पत्र तुमचं हाय ना? बसा मंग."

बसलो. कोट काढून ठेवला, बाह्या वर केल्या. सुकलाल पलीकडं उकिडवा बसला. मिस्त्री काम करता करता बोलत होते. ते कोहळी घराण्यातले. त्यांच्या वाडवडिलांनी गावचे तलाव बांधले. मिस्त्रींनी लहानपणी तलावाचंच काम केलं, मग राइस मिलचं इंजिन पाहिलं आणि त्याच्या मागं लागले. डोक्यातून तलाव काही गेला नव्हता. "आमच्या गावात उन्हाळ्यात तलाव आटला की ज्याले पानी पायजे त्यानं आपल्या वाट्याचा गाळ काढायचा. पाटील असो का कोनी. गाळ हातानं काढला का मानसाले समजते, तो कुठून आला."

"आणि येतो कुठून?"

"सगळीकडून येते. गाळ तं येनारच, त्यात बांधनाऱ्याची चूक नाई. पन सारखा पसरला पायजे. एकाच कोपऱ्यात साचला का समजायचं, बांधनाऱ्यानं पान्याचं तोंड चुकवलं."

मी खरवडत होतो. पहिल्या पिस्टनवर मऊ, कोरडी काजळी होती, बोट लावलं की निघणारी. दुसऱ्यावर तशीच. चौथ्यावरही. पण तिसऱ्यावर कामटी घसरायलाच तयार नाही. तिथं तेलकट, जाड थर होता, दुधाच्या भांड्याला लागलेल्या खरपुडीसारखा. कामटी मोडली. मिस्त्रींनी दुसरी दिली. मीच म्हणालो, "मिस्त्री, हा एक वेगळा आहे हो."

"हव का?" असं म्हणून ते जवळ आले. त्यांना हे आधीच माहीत होतं, माझी खात्री आहे. ते माझ्या तोंडून निघायची वाट बघत होते.

तिसरा पिस्टन बाहेर काढला, आणि ताडून बघायला बाकीचेही. पिस्टनभोवती लोखंडी कडी असतात, रिंगा. त्यातली एक खालचं तेल खालीच खरवडून ठेवते, वर चढू देत नाही. तिच्या काठाला बारीकशी पायरी असते आणि ती पायरी खाली हवी. बाकीच्या तिघांत ती खाली होती. तिसऱ्यात वर. रिंग उलटी बसवली होती. आणि कारखान्याची खूण तशीच होती, म्हणजे तो पिस्टन कारखाना सोडल्यापासून कुणी हलवलेलाच नव्हता. तेल वर चढत होतं, जळत होतं, खरपूड होत होती. सुकलालनं जगातली सगळी काळजी घेतली असती तरी ती व्हायचीच होती.

"म्हणजे कंपनीची चूक," मी म्हणालो. हे लिहायचं कुणी? मीच. घरी बायकोला सातवा महिना होता. मालकांनी काय सांगून पाठवलं होतं ते कानात वाजत होतं.

मिस्त्रींनी माझ्याकडं बघितलं. "एका पिस्टनची कंपनीची. तिघांची नाई."

"मग तिघांची सुकलालची?"

"ते मालगुजार आले का सांगतो."

संध्याकाळी मालगुजार आले. पांढरं स्वच्छ धोतर, करवंदी फेटा. त्यांना मिस्त्रींनी तिसरा पिस्टन दाखवला. मालगुजार खूश. "मी म्हणतच होतो, कंपनी बदमाश आहे! सगळंच त्यांच्याकडून भरून घेऊ!"

"सगळं नाई जी," मिस्त्री म्हणाले. "तीन तुमचे, एक त्यायचा."

"माझे?"

"गाडी कुठं नेता तुमी?"

मालगुजार गोंधळले. गाडी कुठं न्यायची! गाडी लग्नात न्यायची. त्यांचा तो मोठेपणाच होता. पंचक्रोशीत कुणाचंही लग्न असो, वरातीला मालगुजारांची लाल मोटार. कधी नाही म्हणून म्हणायचे नाहीत. नवरदेव मागं बसलेला, पुढं बँड, आणि मोटार बँडच्या पावलानं चाललेली. दर दहा पावलांवर थांबायचं, कुणी नाचलं की पुन्हा थांबायचं. शर्यतीसाठी जन्माला आलेलं इंजिन साऱ्या लग्नसराईत वरातीत रांगत होतं.

"सुकलाल, तू सांगितलं नाई का यायले?" मिस्त्रींनी विचारलं.

सुकलाल खाली बघत म्हणाला, "सांगितलो होतो. मालक म्हनले, लोकायले नाई कसं म्हनायचं."

मालगुजारांचा चेहरा फेट्यासारखा झाला. मिस्त्रींना त्याचं काही नाही. "धावाची गाडी हाय, तिले धावू द्या. वरातीले बैलगाडी सजवा. बैलाच्या पोटात काजळी धरत नाई." इतक्या मोठ्या माणसाला इतकं तोंडावर सांगताना मी तोवर कुणाला पाहिलं नव्हतं. आमच्याकडं तर गिऱ्हाइकाला खरं सांगणं म्हणजे पापच.

दोन दिवसांत मिस्त्रींनी रिंग सुलटी केली, इंजिन जोडलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मालगुजार पुन्हा आले. गाडी तयार होती. पण सुकलालला चाकापाशी उभा बघून ते म्हणाले, "गाडी झाली ते ठीक. याचं काय? कंपनीनं लेखी कळवलंय की हा हलगर्जी आहे. उद्या पुन्हा काही झालं तर गॅरंटी कोणाची?" आणि माझ्याकडं बघितलं. "तुम्ही देता का? कंपनी देते का?"

आता जे सांगतो, ते मला अजून झोंबतं. तोंड उघडून "मी देतो" एवढंच म्हणायचं होतं. पण मला एजन्सीचा शिक्का दिसला, मालकांचं हसणं दिसलं, घर दिसलं. मी म्हणालो, "माणसांची गॅरंटी देण्याचा आम्हाला अधिकार नाही." अगदी पत्रातल्यासारखं.

सुकलालनं हातातली किल्ली हळूच बॉनेटवर ठेवली.

तेवढ्यात मिस्त्रींनी कानावरची कामटी काढून माझ्या हातात दिली. डोक्याचा पंचा सोडून नीट बांधला. मोटारीचं मागचं दार उघडलं. आणि आत जाऊन बसले.

गिरणीच्या दारातले हमाल बघायला धावले. समोरचा पानवाला ठेल्यावरून उतरला. मिस्त्री मोटारीत बसले! ते दोन्ही हातांनी पुढची बैठक घट्ट धरून, डोळे मिटून बसले होते, सुई टोचून घ्यायला बसावं तसे. "मी देतो गॅरंटी," ते म्हणाले. "चाल सुकलाल. पळव."

"मिस्त्री, तुमी कायले..."

"पळव म्हनलो ना!"

मालगुजार फेटा सावरत मिस्त्रींच्या शेजारी जाऊन बसले. मला कुणी बोलावलं नव्हतं, तरी मी पुढं चढलो. गावाबाहेर धानाच्या बांध्या लागल्या आणि सुकलालनं गाडी सोडली. काय पळाली ती! मालगुजारांनी आपल्या मोटारीचा वेग पहिल्यांदाच पाहिला. फेटा काढून मांडीवर घेतला आणि लहान पोरासारखे हसायला लागले. मिस्त्रींनी जाता-येता एकदाही डोळे उघडले नाहीत. फक्त कान इंजिनाकडं.

शेडपाशी आल्यावर सुकलालनं किल्ली फिरवली. इंजिन तिथल्या तिथं गप्प. एक खटका नाही, एक उचकी नाही. मग मालगुजार उतरले, बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाले, "सुकलाल, मला घरी सोड. आणि उद्यापासून रोज सकाळी गाडी पळवून आणायची. वरातीचं काय ते मी बघतो." सुकलालनं त्यांचे पाय धरले. मग मिस्त्रींचे धरायला वळला तर मिस्त्री पाय मागं घेत म्हणाले, "हट रे! आधीच थरथरून राहिले ते."

मग माझ्याकडं वळले. "लिवा आता."

मी तिथंच, गरम बॉनेटवर कागद ठेवून लिहिलं. तीन पिस्टनची काजळी वापराची, एकाची उलट्या रिंगेची, आणि चालक सुकलाल याचा यात काहीही दोष नाही, मी स्वतः पाहिले आहे. हात काळे होते, कागदावर ठसे उमटले. तसाच पाठवला. त्या कागदानं पुढं माझी नोकरी खाल्ली. मालकांनी महिना संपायच्या आत हातात नारळ दिला. आणि नोकरी गेल्याचं कळताच मिस्त्री गोंदियाच्या एका बसवाल्याकडं जाऊन सांगून आले की, "एक मानूस हाय. पाहून लिवते." एवढ्या शिफारशीवर मला काम मिळालं. माझी मुलं गोंदियात वाढली, आणि त्या माणसाचे उपकार मला कधी फेडता आले नाहीत. फेडायचा प्रयत्न केला की ते म्हणत, "कायले जी?"

माझं ते नागपूरचं पहिलं पत्र मिस्त्रींनी मालगुजारांकडून मागून घेतलं होतं. त्याचीच पुडी करून तिसऱ्या पिस्टनची काजळी त्यात बांधली आणि फळीवर ठेवली. वर्षानुवर्षं ती तिथं होती. मी शेडमध्ये गेलो की माझी नजर आधी तिच्यावर जाई. त्यांनी मात्र ती मला एकदाही काढून दाखवली नाही.

त्या सकाळी लिहून झाल्यावर मिस्त्रींनी पिशवी खांद्याला अडकवली आणि दुसऱ्या कुणाच्या तरी कामाला निघाले. पायीच, अर्थात. सुकलालला राहवलं नाही. त्यानं मालगुजारांना विचारलं, "मालक, मिस्त्रीले सोडून देऊ का जी?" मालगुजारांनी मान डोलावली. लाल मोटार मिस्त्रींच्या मागं मागं, बैलाच्या पावलानं निघाली. सुकलाल एका हातानं डोळे पुसत होता आणि ओरडत होता, "बसा ना मिस्त्री! अन् आता तं बसले होते ना!"

मिस्त्री काही वेळ तसेच चालले. मग वळले आणि साऱ्या रस्त्याला ऐकू जाईल असे खेकसले,

"काजळी धरून राहिली रे! जाय!"

सुकलालनं मोठ्यानं हॉर्न वाजवला आणि मोटार धूळ उडवत त्यांच्या बाजूनं पुढं निघून गेली. मिस्त्रींनी पंच्यानं तोंड पुसलं आणि चालायला लागले. मी रस्त्यात, ते दिसेनासे होईपर्यंत, त्यांना हात जोडून उभा होतो. त्यांची कामटी माझ्याच हातात राहिली होती.